दिवाळीनंतर जपान

(दहावी 1985 च्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. मधली प्रश्नोत्तरे आणि मागच्या बाकांवरून आलेले शेरे गाळले आहेत.)



काल रात्री जेवणानंतर आपल्या संयोजकांनी माझ्या हातात एक यादी दिली. जपानला येणाऱ्यांची. बावीस नावे आहेत. त्यातली दोन गुरुजनांची, म्हणजे भूगोलाच्या बाई आणि चित्रकलेचे सर. यादीच्या शेवटी तीन नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे. एकाने कारण लिहिलंय, ‘इन्शुलिन’. एकीने लिहिलंय, ‘इंग्रजी येत नाही’. तिसऱ्याने लिहिलंय, ‘शुद्ध शाकाहारी, उपाशी राहायचं नाही’. मला आज दिलेला विषय ‘जपान : एक अनुभव’ असा आहे. तो मी बाजूला ठेवते. माझे अनुभव ऐकायला आयुष्य पडलंय. ही तीन प्रश्नचिन्हं आज दुपारच्या जेवणापर्यंत पुसली गेली तर बरं, कारण संयोजकांना आगाऊ रक्कम भरायची आहे.

मी अकरा वर्षं योकोहामाला राहिले, दुभाषाचं काम केलं. इथून आलेल्या पाहुण्यांना विमानतळावरून घेणं आणि परत सोडणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. त्यामुळे आपली माणसं तिथे कुठे अडतात हे मला चांगलं ठाऊक आहे. गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा भाषेवर अडत नाहीत. औषधावर, जेवणावर आणि बॅगेवर अडतात.

आधी औषधं. आपण पंचावन्नच्या पुढचे आहोत. बावीस जणांत औषधाची डबी नसलेला एक तरी असेल का, शंकाच आहे. जपानचा नियम असा : डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिना पुरतील इतकी, स्वतःसाठी, कुठल्याही परवान्याशिवाय नेता येतात. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं दोन महिन्यांची. त्याहून जास्त न्यायची तर ‘युन्यु काकुनिन-शो’ नावाचा दाखला जपानच्या आरोग्य खात्याकडून आधी घ्यावा लागतो. आपण अकरा दिवसांसाठी जातोय, म्हणजे त्याची गरज नाही. पण काही औषधांना हा महिन्याचा हिशेब लागू होत नाही. ॲम्फेटामिन जातीची उत्तेजक औषधं कुठल्याही डॉक्टरच्या कुठल्याही चिठ्ठीवर चालत नाहीत. अफूपासून बनणारी तीव्र वेदनाशामकं, मॉर्फिनसारखी, आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असतं त्याही तशाच नेता येत नाहीत. ‘सर्दीची साधी गोळी आहे हो’ हे वाक्य जपानी कस्टम अधिकाऱ्याच्या टेबलावर उपयोगाचं नाही. आणि भांग किंवा गांजाचा अंश असलेलं काहीही, अगदी कुणी दिलेलं ‘आयुर्वेदिक’ तेलसुद्धा, घरी ठेवून या. तिथे त्याला माफी नाही.

म्हणून माझी विनंती. प्रत्येकाने आपल्या औषधांची यादी करायची, आणि त्यात बाजारातलं नाव नको, गोळीतल्या द्रव्याचं मूळ नाव हवं, इंग्रजी अक्षरांत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवायच्या. आपल्याकडे सोम-मंगळ लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत गोळ्या काढून ठेवायची सवय आहे. ती डबी रिकामी न्या, तिथे पोचल्यावर भरा. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. आणि चार-पाच दिवसांची जास्तीची असू द्या, कारण भारतीय डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. गोळी संपली तर आधी तिथल्या डॉक्टरकडे जावं लागतं, आणि विमा नसेल तर ते खिशाला झेपणारं नसतं. प्रवासाचा विमा काढताना जुने आजार लपवू नका. विमा कंपनीला नंतर तेवढंच निमित्त पुरतं.

आता तो ‘इन्शुलिन’वाला. अरे, तू गणिताच्या पेपरला जितका घाबरायचास तितकंच हे आहे. इन्शुलिनची पेनं आणि सुया महिन्याच्या मर्यादेत चिठ्ठीसह नेता येतात. विमानात ती हातातल्याच बॅगेत ठेवायची, खाली सामानात गोठतात. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पहिल्या दोन दिवसांच्या डोसांच्या वेळा निघायच्या आधी तुझ्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. आणि खिशात साखर ठेव. तिथे चालणं फार होतं. पर्यटक दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज चालतो, आणि साखर खाली जाते ती अशा वेळी.

चालण्यावरून आठवलं. संयोजकांनी आधी छापलेल्या पत्रकात दहा रात्रींत आठ शहरं होती. हा कार्यक्रम ज्याने केला त्याचे गुडघे तिशीतले असणार. मी त्यांच्याशी भांडले आणि आता चार मुक्काम ठरलेत : तोक्यो चार रात्री, क्योतो तीन, कोयासान एक आणि हिरोशिमा दोन, मग ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परत. होक्काइदो राहिलं, फुजीच्या पायथ्याचं सरोवर राहिलं. ज्यांना वाईट वाटलं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. माझं मत बदलणार नाही, पण भेटावं. तोक्योतली मोठी स्टेशनं चालून चालून माणूस थकतं. लिफ्ट असतात, पण बहुतेक वेळा फलाटाच्या अगदी एका टोकाला. बाईंना चाकाची खुर्ची लागणार आहे. ‘मला नको, तुम्हाला माझं ओझं’ असं त्या म्हणतायत. बाई, तुमच्या पट्टीखाली आम्ही होन्शू, होक्काइदो, शिकोकू, क्युशू पाठ केलं, आता तुम्ही आमचं ऐकायचं. जपानमध्ये स्टेशनवर खुर्ची घेऊन गेलं की कर्मचारी स्वतः फळी घेऊन येतो, डब्याला लावतो, आणि उतरायच्या स्टेशनवर दुसरा माणूस फळी घेऊन उभा असतो. हे मी अनेकदा पाहिलंय. फक्त त्यांना थोडं आधी सांगावं लागतं.

बॅगा. शिंकान्सेन, म्हणजे ती वेगवान गाडी, मधल्या स्टेशनवर एक-दोन मिनिटंच थांबते. बावीस जण आणि बावीस मोठ्या बॅगा एका दारातून चढवायच्या, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. शिवाय या मार्गावर लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. यावर त्यांचा उपाय आहे ‘ताक्क्युबिन’. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी तिथे पोचलेली असते. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनी हे काम 1976 पासून करते. एका बॅगेला साधारण दोन-तीन हजार येन पडतात. क्योतोहून आपण मोठ्या बॅगा थेट हिरोशिमाला पाठवू आणि कोयासानला एका रात्रीची पिशवी घेऊन जाऊ. औषधं त्या पिशवीत, पाठवलेल्या बॅगेत नाही.

रेल्वे पासबद्दल तिघांनी विचारलं. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा साधा पास 29,650 येनांवरून 50,000 वर गेला. तोक्यो ते क्योतो तिकीट सुमारे चौदा हजार येन. हिरोशिमाला जाणं-येणं धरूनही आपला लांबचा प्रवास चाळीस हजारांच्या आत बसतो. पास नको. शहरात फिरायला सुईकासारखं कार्ड घ्यायचं, दारात टेकवायचं, पुढे जायचं.

व्हिसा, पासपोर्ट हे संयोजक बघतायत, त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच, की पासपोर्ट हॉटेलात ठेवायचा नाही. परदेशी पाहुण्याने तो सतत जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे. आणि ‘व्हिजिट जपान वेब’वर प्रत्येकाने आपली माहिती निघण्याआधी भरायची. ज्यांना जमत नाही त्यांनी आपल्या मुलांना नाही, मला सांगा. मुलं चिडतात.

पैशांबद्दल. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण देवळं आणि छोटी खानावळ रोख मागते. पैसे हातात न देता काउंटरवरच्या तबकात ठेवायचे. टीप द्यायची नाही. दिलीत तर माणूस तुमच्यामागे रस्त्यावर धावत येऊन परत देतो. 2024 च्या जुलैपासून नव्या नोटा आल्या आहेत. पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेको आहे. 1871 साली वयाच्या सहाव्या वर्षी ती शिकायला अमेरिकेला गेली आणि 1900 साली तिने मुलींसाठी शाळा काढली, तिचंच पुढे विद्यापीठ झालं. आपल्या मुलींनी ती नोट खर्च करण्याआधी एकदा नीट बघावी. जाता जाता अजून एक. आपल्या आनंदीबाई जोशींचा 10 ऑक्टोबर 1885 चा एक फोटो आहे, पेनसिल्व्हेनियाच्या मेडिकल कॉलेजातला. तिघी जणी आहेत, नऊवारीतल्या आनंदीबाई, सीरियाची एक मुलगी, आणि किमोनोतली केई ओकामी, जपानची. जपान आपल्याला वाटतं तितकं लांब नाही.

आता तिसरं प्रश्नचिन्ह, शाकाहार. इथे मी खोटा धीर देणार नाही. जपानी जेवणात मांस टाळणं सोपं, मासे टाळणं कठीण. कारण ‘दाशी’. आपल्याकडे फोडणी तशी त्यांच्याकडे दाशी, म्हणजे पाण्यात उतरवलेला अर्क. त्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो. त्यामुळे भाज्यांचा उदोन, मिसो सूप, उकडलेला पालक, सगळं दिसायला शाकाहारी आणि आतून मासा. कांदा-बटाटा घातलेल्या जपानी ‘करी’च्या वडीत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. तुम्ही विचारलंत, ‘यात मांस आहे का?’ तर वेटर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. मासा त्याच्या हिशेबी मांसात येत नाही. म्हणून वाक्य असं पाठ करायचं : ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन.’ मांस आणि मासे खात नाही. आणि पुढे : ‘कात्सुओ-दाशी मो ताबेमासेन.’ बोनितोची दाशीसुद्धा नाही. शब्दांचा क्रम बघा, कर्म आधी आणि क्रियापद शेवटी, मराठीसारखाच. आपल्याला जपानी इंग्रजीपेक्षा सोपं जातं ते यामुळे. ‘इंग्रजी येत नाही’ असं लिहिणाऱ्या मैत्रिणीने ही गोष्ट मनात घ्यावी. तिथे रस्त्यावरच्या बऱ्याच माणसांनाही इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो. तुझी आणि त्यांची बाजू सारखीच आहे.

मग खायचं काय? सोबा नूडल्स गार, बाजूच्या चटणीशिवाय, कारण दाशी त्या चटणीत असते. भात, तोफू, लोणची, तीळ. दुकानातला त्रिकोणी ओनिगिरी, आंबट उमेबोशी घातलेला, पण वेष्टनावरचा घटकांचा तक्ता भाषांतराच्या ॲपने वाचून. तोक्योत भारतीय हॉटेलं भरपूर. निशी-कासाई भागात तर आपली इतकी माणसं राहतात की मूळचे पुण्याकडचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. शिंजुकूमधल्या नाकामुराया दुकानात भारतीय पद्धतीची करी 1927 पासून मिळते. ती तिथे पोचवली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी, ते त्या घरचे जावई होते. ती कोंबडीची आहे, पण गोष्ट शाकाहाऱ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

दिवाळीनंतर जातोय, तर फराळ न्या. चकली, शंकरपाळे, कडबोळी, भाजक्या पोह्यांचा चिवडा. ताजी फळं, ताज्या भाज्या, कढीपत्त्याची डहाळी, हिरव्या मिरच्या नको. तिथे वनस्पतींची तपासणी कडक आहे, दाखल्याशिवाय येऊ देत नाहीत. आपल्या हापूसलासुद्धा वीस वर्षं बंदी होती, ती 2006 मध्ये उठली, तीही फळांना गरम वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. मांसाचे पदार्थ ठेवून या. कागदावर ‘काही नाही’ लिहून बॅगेत निघालं की मग पंचाईत. शंका असेल तर दाखवायचं.

आणि हॉटेलच्या केटलीत मॅगी, खिचडी, अंडी शिजवायची नाहीत. उद्या येणाऱ्या पाहुण्याला त्यात चहाचं पाणी उकळायचंय. उदबत्ती आणि निरांजनही खोलीत नको, छतावरचा धुराचा यंत्रराज लगेच बोंबलतो. घरची इस्त्री, पाणी तापवायची कांडी नेऊ नका. तिथे वीज 100 व्होल्टची आहे, आपली उपकरणं नीट चालत नाहीत. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पात्यांचा प्लग लागतो.

शाकाहाऱ्यांसाठी खरी मेजवानी कोयासानला आहे. डोंगरावरचं शिंगोन बौद्ध पंथाचं गाव, नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेलं. आपण देवळातच राहणार. तिथलं जेवण ‘शोजिन र्योरी’, मांस नाही, मासा नाही, दाशीसुद्धा समुद्री शेवाळाची, कोंबूची. कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या घरातल्या चातुर्मासाच्या जेवणाच्या फार जवळचं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जेवण, सकाळी सहाच्या आसपास प्रार्थना. तिथे ‘गोमा’ नावाचा विधी असतो, अग्नीत समिधा टाकतात, मंत्र म्हणतात. गोमा हा शब्द आपल्या ‘होम’वरून गेलेला. ओकुनोइनच्या दफनभूमीत, उंच सीडर वृक्षांखाली, दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत, आणि कित्येक दगडांवर आणि लाकडी फळ्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं. आपल्या देवनागरीची ती चुलत बहीण. चित्रकलेच्या सरांना मी आधीच सांगितलंय, वही आणा. मात्र तिथे पलंग नाही, जमिनीवर गादी आहे, आणि जेवण मांडी घालून. गुडघेवाल्यांनी नाव द्या म्हणजे बुटक्या खुर्च्या आधी मागून ठेवता येतील. नोव्हेंबरात थंडी चांगली असते, थर्मल आणि जाड मोजे हवेत.

मोज्यांवरून पायताणाकडे येते. चपला दारात काढायच्या हे आपल्याला शिकवावं लागत नाही, युरोपातल्या पाहुण्यांना लागतं. पण तिथे तीन पायऱ्या आहेत. दारात बूट काढून, त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून, आतल्या सपाता घालायच्या. तातामीच्या चटयांवर पाऊल टाकण्यापूर्वी त्या सपाताही काढायच्या. आणि संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या आतच राहतात. त्या घालून जेवणाच्या खोलीत आलेला पाहुणा मी पाहिलाय. सगळे खाली मान घालून हसले, त्याला कुणी काही बोललं नाही. लेस नसलेले, पटकन निघणारे बूट घ्या, आणि अंगठ्याला भोक पडलेले मोजे इथेच टाका.

संडासाच्या बाबतीत मात्र जपान आपला जिवलग आहे. पाण्याची सोय जवळजवळ सगळीकडे. बटणं खूप असतात, ती कौतुकाने एकेक दाबून बघायची नाहीत. थांबवायचं बटण कोणतं ते बसण्याआधी शोधायचं. एवढं पुरे.

सामुदायिक स्नानगृह. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि कपडे अजिबात नाहीत. आधी बाजूच्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं. कुंड अंग भिजवायला असतं, धुवायला नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. आपल्या बायकांना हे ऐकूनच घाम फुटतो. नको असेल तर नको, कुणी आग्रह करत नाही. पण पायांना जी ऊब मिळते ती दिवसभराच्या चालण्यानंतर, काय सांगू. रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी कुंडात उतरायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

जेवताना काड्यांचे दोनच नियम जिवावर घ्या, बाकीचे चुकले तर चालतील. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही. उभ्या काड्यांचा भात मृतासमोर ठेवतात आणि दहनानंतरच्या अस्थी काडीने काडीत देतात. पिंडाच्या भाताची आठवण आपल्याला जेवताना झाली तर कसं वाटेल, तसं त्यांना वाटतं. मुलगी रुसली म्हणून काडीने तिला घास भरवायला गेलेल्या आपल्याच एका पाहुण्यांमुळे शेजारचं टेबल एकदम गप्प झालेलं मी पाहिलंय. नूडल्सचा आवाज करत खाल्लं तर मात्र चालतं.

मंदिरांत फरक लक्षात ठेवा. शिंतो देवस्थानात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. पेटीत पाच येनचं नाणं टाकतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि ‘गोएन’ म्हणजे ऋणानुबंध. आपले देवही तिथे भेटतील. सरस्वती तिथे बेंझायतेन झालीय. गणपती कांगितेन, पण त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद ठेवतात, दर्शन होत नाही. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा म्हणून त्याचं देऊळ आहे, तिथे मोदकाऐवजी मुळा वाहतात. आपण जाणार आहोत. मोदकाचं आपण आपलं मनात म्हणू.

आता जरा आवाजाबद्दल. गाडीत फोनवर बोलायचं नाही, फोन मुका ठेवायचा. हे बहुतेकांना माहीत आहे. जे माहीत नाही ते हे, की बावीस माणसं एका डब्यात बसली की कुणीही ओरडत नसतं आणि तरी कल्ला होतो. इतक्या वर्षांनी भेटल्यावर तर होणारच. तिथला सहप्रवासी तुम्हाला काही बोलणार नाही, उठून दुसऱ्या डब्यात जाईल. ते जाणं बघून मला इतक्या वेळा ओशाळवाणं वाटलंय की आपल्यासाठी मी एक तोडगा काढलाय : चार-चारांचे गट, वेगवेगळ्या दारांतून. जेवायलाही तसंच. नऊ खुर्च्यांच्या रामेनच्या दुकानात बावीस जण नेणं हा त्या मालकावर अन्याय आहे. सरकत्या जिन्यावर तोक्योत डाव्या बाजूला उभं राहतात आणि ओसाकात उजव्या. पुढचा करेल तसं करा.

आणि त्यांचा ‘नाही’ ओळखायला शिका. ‘हाय’ म्हणजे ‘होय’ असं पुस्तकात असतं, पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच. तोंडानं नकार क्वचित येतो. श्वास आत ओढून, मान थोडी तिरकी करून ‘चोत्तो...’ म्हटलं, की समजायचं, जमणार नाही. तिथे आपली ‘अहो, बघा ना काही होतंय का’ ही पद्धत लावली की त्या माणसाची फार कुचंबणा होते. कोकणातल्या आपल्या आज्यांची ‘बघू हं’ म्हणायची रीत आठवा, नेमकं तेच आहे.

रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत. 1995 मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच काढून टाकल्या. प्रत्येकाने एक पिशवी जवळ ठेवायची आणि कचरा हॉटेलवर आणायचा. तिथली शाळेतली मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, फरशी पुसतात. आपणही पुसायचो, शिक्षा म्हणून.

भूकंप. घाबरवत नाही, पण सांगते. फोन एकदम कर्कश वाजला की तो भूकंपाचा इशारा असतो. टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, जिन्याकडे पळायचं नाही, हादरे थांबेपर्यंत बाहेर धावायचं नाही. समुद्राजवळ असलो तर मग उंच जागेकडे. ‘सेफ्टी टिप्स’ नावाचं ॲप सगळ्यांनी फोनवर घ्या. पोलिस 110, रुग्णवाहिका आणि आग 119. चुकलात तर ‘कोबान’ शोधा, चौकातली छोटी पोलिस चौकी, आणि हॉटेलचं नाव जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवा. ते कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात असेल. हसू नका, सहावीच्या सहलीलाही होतं.

शेवटी हिरोशिमा. कार्यक्रम ठरत होता तेव्हा बाईंनी फोनवर एकच विचारलं होतं, ‘हिरोशिमा आहे ना गं?’ 6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठ, ही वेळ त्यांनी आम्हाला वर्गात उभं राहून सांगितली होती. तिथल्या संग्रहालयात अर्धा दिवस ठेवलाय. आत मुलांचे जळालेले डबे आहेत, गणवेश आहेत. ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी बाहेर नदीकाठी बसावं, त्यात कमीपणा नाही. अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या त्या घुमटासमोर दोन बोटं उंचावून फोटो काढायचे नाहीत, एवढं मी आत्ताच मागून घेते. बाहेर बागेत शाळेच्या सहली असतात. पिवळ्या टोप्या घातलेली मुलं वही घेऊन परदेशी माणसांकडे येतात आणि पाठ केलेल्या इंग्रजीत विचारतात, तुम्ही कुठून आलात, तुम्हाला शांतता म्हणजे काय वाटतं. त्यांना तो गृहपाठ असतो. घाई असली तरी थांबा आणि सावकाश उत्तर द्या. ‘इंग्रजी येत नाही’ म्हणणारीनेच पुढे व्हावं असं मला वाटतं. तिचं इंग्रजी आणि त्या मुलांचं इंग्रजी बरोबरीचं असेल. आणि बाई, तुमच्याकडे एखादा पोरगा आला तर उत्तर तुम्ही मराठीत द्यायचं. जपानीत मी करीन.

कागद मागे टेबलावर ठेवलेत. औषधांच्या यादीचा एक, जेवणाचा एक, गुडघ्यांचा एक. तिन्ही भरून आज चारच्या आत माझ्याकडे द्या, पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या झेरॉक्ससह. प्रश्नचिन्हवाले तिघे जेवायला माझ्याच टेबलावर बसतील.